काससाठी तीन मुक्काम

बंगळुरू, ५ सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

साताऱ्याचा बेत ठरला हे बरं झालं, पण बाबांनी पाठवलेली यादी मला पटलेली नाही. तीन दिवसांत कास, बामणोली, ठोसेघर, सज्जनगड, वाई, मेणवली, पाचगणी, महाबळेश्वर आणि प्रतापगड! असं धावतात ते ज्यांना सोमवारी ऑफिस गाठायचं असतं ते. तुम्हाला सोमवार ते गुरुवार मोकळे आहेत, आणि निसर्गाच्या फोटोत सगळ्यात महाग वस्तू कॅमेरा नसून थांबायला मिळणारा वेळ असतो. त्यामुळे माझं ऐका. मुक्काम तिन्ही रात्री साताऱ्यातच. दोन सकाळी कासच्या फुलांच्या पठारावर, एक दुपार ठोसेघरच्या धबधब्याला, आणि परतताना मेणवलीचा घाट. महाबळेश्वर, प्रतापगड पुढच्या खेपेला. सज्जनगड ठोसेघरच्या वाटेवरच आहे, पण पायऱ्या आहेत. गुडघे काय म्हणतात ते त्या दिवशी बघा.

कासला दोनदा का, तर पठार साधारण १,२०० मीटर उंचीवर उघडं पडलेलं आहे. एक सकाळ धुक्यात जाणार हे धरूनच चाला. हंगामात आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. दोन्ही दिवस सकाळचा पहिला स्लॉट घ्या आणि शनिवार-रविवार टाळा. साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने अंतर पंचवीसेक किलोमीटर आहे, तरी धुकं असेल तर तासाभराची सोय ठेवा. वर आडोसा नाही, झाड नाही, म्हणून बाथरूमला जाऊन यायचं ते आत शिरायच्या आधी.

झाड का नाही, हे कळलं की फोटो कसा काढायचा तेही कळतं. खाली काळा कातळ, त्यावर जांभ्याचं कठीण कवच, आणि वर माती जेमतेम काही सेंटीमीटर. पावसाचं पाणी खाली मुरत नाही, साचून राहतं. मोठी मुळं धरायला जागाच नाही, म्हणून सगळं वितीच्या आत-बाहेरचं. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी, कवला (ज्याला हल्ली सगळे मिकी माऊस म्हणतात). मातीत नत्र कमी, म्हणून सीतेची आसवं मुळांजवळच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म किडे पकडून पोट भरतात. टोपली कारवी मात्र सात वर्षांनी एकदा एकगठ्ठा फुलते, तिची वाट बघत बसू नका.

आता मुख्य गोष्ट. उभं राहून खाली बघत फोटो काढला की चार फुलं आणि ढीगभर गवत येतं. घरी आल्यावर सगळे म्हणतात, ‘अरेच्चा, गालिचा कुठे गेला?’ गालिचा असतोच, पण तो तिरक्या नजरेलाच दिसतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला आणला की पुढच्या फुलांमागे मागची फुलं येतात आणि मधली गवताची फट झाकली जाते. खाली बसायची गरज नाही. ट्रायपॉडचे पाय एकाच टप्प्याचे उघडा, स्क्रीन बाहेर काढून वर वळवा आणि घडीच्या स्टुलावर बसून वरून बघा. गालिचा अजून दाट हवा असेल तर लेन्स ५५ मिलिमीटरला (झूमच्या लांबच्या टोकाला) न्या आणि लांबच्या उताराचा फोटो घ्या. लांबच्या टोकाला अंतरं दबतात आणि फुलं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. हे सगळं पायवाटेवरूनच जमतं. वाटेपलीकडे एक पाऊलही नको, ट्रायपॉडचा एक पायसुद्धा नको. एवढ्याशा मातीत पावलाखाली पुढच्या वर्षीचं बी दडपतं.

जवळचं फूल आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतील तर आकडा पाठ करा: १८ मिलिमीटर (झूमचं रुंद टोक), एफ ११ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), फोकस दीड मीटरवर. मग पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. दीड मीटर म्हणजे साधारण आईची पूर्ण उंची आडवी. फूल पाऊण मीटरहून जवळ, समजा ४० सेंटीमीटरवर असेल तर डोंगर आणि फूल एका फोटोत जमणार नाहीत, दोघांतलं एक निवडा. बाबांना एफ २२ लावायचा मोह होईल. लावू नका. बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो; तुमच्या कॅमेऱ्याला एफ ११च्या पुढे फायदा नाही.

कासवरचा खरा शत्रू वारा. डोंगरासाठी शटर कितीही वेळ उघडं चालेल, फुलासाठी सेकंदाच्या २५० व्या भागाहून जास्त वेळ नको. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ४०० किंवा ८०० करावं लागलं तर करा; थोडे दाणे दिसलेले बरे, हललेलं फूल नको. इथे तुम्ही दोघं असण्याचा उपयोग आहे. वारा येतो तेव्हा आधी लांबचं गवत हलतं, मग जवळचं. आईने वाऱ्याच्या दिशेला तोंड करून लांब बघत राहायचं आणि गवत थांबलं की ‘आता’ म्हणायचं. बाबांचं बोट बटणावर. एका थांब्यात तीन-चार फोटो घ्या, एक तरी स्थिर येतो. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, तो वाऱ्यात फडफडून ट्रायपॉड हलवतो. मधल्या हुकला बॅग अडकवायची असेल तर ती जमिनीला जेमतेम टेकेल अशी. लोंबकळली की घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि उलटंच होतं. मधली दांडी शक्यतो वर काढूच नका. आणि बाबा, ट्रायपॉड काठी म्हणून टेकत चालू नका. त्याचे खटके उभं वजन पेलायला असतात, तिरका भार आला की घसरतात. काठी वेगळी घ्या.

रंगांचं सांगते. सोनकीचा पिवळा कॅमेऱ्याला फसवतो. पडद्यावर छान दिसतो, पण पाकळीवरची रेघ न् रेघ गेलेली असते, नुसता पिवळा ठिपका उरतो. कारण पिवळा म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबात लाल आणि हिरवा, त्यातला लाल आधी भरून वाहतो. म्हणून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तीन रंगांचा वेगवेगळा लावा. लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला की उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे ०.३ ते उणे ०.७. तेरड्याच्या गुलाबीचंही तेच. रंगांच्या पर्यायांत ‘व्हिव्हिड’ बंद, ‘स्टँडर्ड’ ठेवा. धुक्यात नेमकं उलटं: कॅमेरा पांढरं बघून घाबरतो आणि धुकं राखेसारखं करतो, तिथे अधिक ०.७ ते अधिक १. धुक्यात फोकस मागे-पुढे धावत राहतो, पकडत नाही. मग एखाद्या दगडाची कड पकडून द्या. निळी-जांभळी फुलं ढगाळ उजेडातच खुलतात, त्यामुळे ऊन नाही म्हणून हिरमुसू नका. अकराच्या उन्हापेक्षा आठचं मळभ केव्हाही चांगलं.

पोलरायझर (काळी फिरणारी काच) आकाश निळं करायला म्हणून विकतात. १८ मिलिमीटरला तो आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाकी फिकं करून ठेवतो, वाईट दिसतं. त्याचा खरा उपयोग ओल्या पानांवर. पानांवरची पांढरी चकाकी गेली की हिरवा रंग आतून वर येतो. डोळा स्क्रीनवर ठेवून काच हळूहळू फिरवा, चकाकी मावळली की थांबा. आईचा नवा गॉगल पोलराइज्ड आहे; तो घालून स्क्रीन बघितली की कधी काळी ठिक्कर दिसेल. कॅमेरा बिघडला असं समजू नका, गॉगल काढा.

ठोसेघरला काच लागणारच. दरीपलीकडच्या गॅलरीतून बघायचं असतं. ढगाळ दुपारी आयएसओ १००, एफ ११ ला शटर साधारण एक-तीसांश सेकंद येतं. पोलरायझर लावला की दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) जातो, म्हणजे एक-अकरांश. त्यावर आठपट कमी उजेड देणारी काच लावली की पाऊण सेकंद. तेवढ्यात पाणी दुधाच्या धारेसारखं दिसतं आणि धारेतले पदरही शिल्लक राहतात. चार सेकंद केलेत तर कापूस होतो. लोकांना आवडतो, मला नाही. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, आणि लेन्सवरचं स्थिरीकरण बंद. चालू राहिलं तर काही लेन्स हात हलत नसतानाही ते हलणं शोधत बसतात. वारा तुमच्या बाजूला असेल तर तुषार थेट काचेवर येतील. प्रत्येक फोटोआधी आईने रुमाल धरायचा, बाबांनी बाजूला केला की लगेच बटण. काच पुसायला पदर किंवा टिश्यू नको, चष्म्याचं मऊ कापडच, आणि आधी हवेच्या पिचकारीने धूळ उडवून. कठड्याबाहेर जायचं नाही, हे बाबांना वेगळं सांगते.

हॉटेलात रात्री एसी लावलात तर कॅमेरा त्या खोलीत उघडा ठेवू नका. थंड काच बाहेरच्या दमट हवेत आली की तिच्यावर वाफ बसते आणि पहिली वीस मिनिटं, म्हणजे नेमकी कामाची, पुसण्यात जातात. बॅगेची चेन बंद ठेवून बाहेर पडा आणि अर्ध्या तासाने उघडा. हॉटेलात मिळणारी प्लॅस्टिकची शॉवर कॅप मात्र सोबत घ्या, पावसात कॅमेऱ्यावर झटकन बसते.

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) धूसर दिसतो म्हणालात. लेन्सचा दोष नाही. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला छोटं दातेरी चाक असतं, ते जुन्या डोळ्याला लावलेलं आहे. चष्मा न लावता आत बघा, समोरचं दृश्य सोडून द्या आणि खालच्या पट्टीतले आकडे बघा. ते कोरल्यासारखे दिसेपर्यंत चाक फिरवा. दृश्य बघत फिरवलं तर कॅमेऱ्याचा फोकस आणि डोळ्याचा फोकस यांची गल्लत होते. आई कॅमेरा घेईल तेव्हा तिचा आकडा वेगळा असणार, म्हणून चाकाच्या दोन जागांवर नेलपॉलिशचा ठिपका द्या: लाल आईचा, गुलाबी बाबांचा.

मेणवलीला पहाटे जा. सप्टेंबरअखेर सूर्य साधारण साडेसहाला उगवतो, त्याआधी घाटावर पोहोचा. धोम धरण वरच्या अंगाला आहे, पाणी सोडलं असेल तर खालच्या पायऱ्या बुडालेल्या असतात आणि वरच्या शेवाळलेल्या. कोरड्या पायरीवर थांबूनच प्रतिबिंब बघा. तिथली घंटा पोर्तुगीज आहे, वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आणलेली; तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. घंटा टांगली आहे तिथे आत अंधार, बाहेर लख्ख. उजेड घंटेवरून मोजा, बाहेरचं पांढरं झालं तरी चालेल. आणि कॅमेरा वर तिरका केलात की भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात. त्यापेक्षा मागे सरका, कॅमेरा सरळ धरा, वरचा-खालचा जादा भाग घरी कापा.

दोघांचा एकत्र फोटो राहतोच नेहमी. दहा सेकंदांचा टायमर, सलग तीन फोटोंचा पर्याय निवडून. एकात तरी दोघांचे डोळे उघडे असतात. आईला मोठी काढू नका, लहान काढा. लाल साडीतला एवढासा ठिपका पठाराच्या कडेला असला की पठार केवढं आहे ते कळतं.

दोन जादा बॅटऱ्या, दोन कार्डं. सगळं मिळून चार किलोंच्या वर नको, आणि तेही दोघांत वाटून. रोज रात्री कार्ड लॅपटॉपवर उतरवा, पण घरी दुसरी प्रत होईपर्यंत ते पुसू नका. मला व्हॉट्सॲपवर पाठवाल तेव्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते पिळून अर्धं करतं. भिंतीसाठी १२ बाय १८ इंच छापा. तुमच्या कॅमेऱ्याच्या चौकटीला हेच माप न कापता बसतं. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदात ट्यूबलाइट दिसते.

परत आल्यावर कॅमेरा बॅगेत ठेवून देऊ नका, बॅग सगळी दमट झालेली असते. एक दिवस पंख्याखाली, मग रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सोबत पाव किलो सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे). नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० डिग्रीला दोन तास. तांदूळ नकोत, पिठी उडते. डांबरगोळ्या तर मुळीच नकोत.

एक राहिलं. पोलरायझरची काच लेन्सवर अडकली तर बोटांनी आवळू नका, कडी चिमटली जाऊन लंबगोल होते आणि अजून घट्ट बसते. आईची रबरी तळाची नवी चप्पल घ्या, कॅमेरा उलटा धरून काचेची कडी तळव्यावर सपाट टेकवा, हलका दाब देऊन डावीकडे फिरवा. सुटते.

तुमची,
चिऊ