पोळ्याच्या बैलांची शिंगे

लंडन

ती. आईस साष्टांग नमस्कार.

दांडिया बाजारच्या घराची गळती थांबली, हे वाचून बरे वाटले. शाळेतल्या मातीकामाच्या वर्गाविषयी तू विचारलेस, म्हणून आज तेवढेच लिहिते.

पहिल्याच दिवशी मुलांनी चाक कुठे आहे, असे विचारले. चाक मी मुद्दामच ठेवले नव्हते, कारण नवखा मुलगा चाकावर गोळा मध्यावर आणण्यातच दमतो आणि मातीचा स्वभाव त्याला कळायचा राहून जातो. प्रत्येकाला मुठीएवढा गोळा देऊन, त्यात अंगठा रुतवून, कडा चिमटीने पातळ करत वाटी घडवायला सांगितली. पुढच्या आठवड्यात वळ्या करून एकावर एक रचल्या. सांधताना दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ चिखल लावावा लागतो, हे मात्र तीनदा सांगावे लागले. (पोळ्याच्या बैलांना तू शिंगे अशीच बसवायचीस; मी नुसतीच चिकटवलेली शिंगे पूजेआधीच गळायची.)

एक चूक माझ्या हातून झाली. एका मुलीने केलेल्या घोड्याचे धड चार बोटे जाड आणि भरीव होते. वरून सुकलेला दिसला म्हणून मी तो भट्टीत ठेवला; आतल्या ओलीची वाफ झाली, तिला वाट मिळाली नाही आणि घोड्याबरोबर शेजारच्या तीन वाट्याही फुटल्या. मुलगी रडली नाही, मलाच वाईट वाटले. आता जाड वस्तू आधी आतून कोरून घेते आणि भट्टी लावण्यापूर्वी गालाला लावून पाहते. गार लागली तर ती अजून ओली आहे.

चाकाशिवाय केलेले ते कच्चे, ही मुलांची समजूत जावी म्हणून त्यांना मॅग्डालिन ओडुंडो यांच्या भांड्यांची छायाचित्रे दाखवली. १९५० साली नैरोबीत जन्मलेल्या या बाईंनी हाताने भांडी घडवण्याचे काम नायजेरियातल्या कुंभार स्त्रियांकडून शिकून घेतले. त्या वळ्यांनी भांडे उभे करतात आणि ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, न देता घोटून झळाळी आणतात. भट्टीत हवा खेळती असली तर ते तांबूस होते, कोंडली तर काळे. आपल्या ज्योत्स्ना भट्ट यांची मातीची मांजरे आणि बेडूकही दाखवले. बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये त्यांनी कित्येक वर्षे शिकवले, हे सांगताना माझा आवाज उगाच चढला असावा.

मामा पुण्याहून आले की त्यांच्या फोनवरून आपल्या ट्रंकेतल्या बैलांचे फोटो पाठव. शिंग तुटलेला बैलही त्यात हवा, कारण सांधा कुठे सुटला ते मुलांना दाखवायचे आहे.

तुझी,
सुमा