तुतीचं एक एकर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

नोकरी गेल्यापासून तुम्ही फोनवर रोज विचारता, दुसरीकडे कुठं बघितलंस का. बघितलं. माझ्या वयाच्या माणसाला आता निम्म्या पगारावर घेतात, तेही कंत्राटी. म्हणून गावी येऊन रेशीम करायचं मनात आहे. ही आणि पोरं पुण्यातच राहतील, घरखर्च तिच्या पगारात भागेल. कंपनीनं दिलेल्या पैशात शेड आणि ठिबक होईल. बाबा, सातबाऱ्यावर बोजा चढू देणार नाही.

मला विहिरीजवळचं एक एकर द्या. त्यात जोडओळीनं तुती लावायची, साधारण साडेपाच हजार रोपं. नीट जपली तर दहा-पंधरा वर्षं पुन्हा लागवड नाही. पाऊस पडल्या पडल्या लावली, तर दिवाळीच्या सुमारास त्या पाल्यावर अळ्यांची पहिली बॅच घेता येईल. चॉकी सेंटरवरून, म्हणजे लहान अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रावरून, दोनदा कात टाकलेल्या रेशीमअळ्या मिळतात, पुढे कोष होईपर्यंत आपण सांभाळायच्या. शेवटचा आठवडा फार कष्टाचा. जन्मभरात खातात त्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त पाला त्या तेव्हाच खातात, रात्रीसुद्धा फांद्या टाकाव्या लागतात. ते माझं काम, तुम्ही कोयत्याला हात लावायचा नाही. कोषाला जालन्याची बाजारपेठ जवळ आहे. भाव खालीवर होतो, कोरोनात तर पार पडला होता, म्हणून उरलेल्या रानात नेहमीची पिकं राहू द्या.

बाबा, शेजारी कपाशीवर फवारणी होते. तुतीच्या पाल्यावर औषध उडालं तर अळ्या मरतात. फवारायच्या आधी आपल्याला सांगत जा, एवढं आबांशी तुम्हीच बोला, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. आणि तंबाखू चोळलेल्या हातानं शेडमध्ये येऊ नका. तंबाखू अळीला विषच. दारात साबण, पाणी आणि वेगळ्या चपला ठेवीन.

आई, आता तुझ्याशी बोलायचं ते. तू माळकरी. मुंगीवर पाय पडू नये म्हणून अंगण बघून चालतेस. आपण कोष जिवंत विकतो, पण धागा अखंड निघावा म्हणून पुढे वाफेनं किंवा गरम हवेनं आतला जीव मारतात. आपल्या हातानं मारत नाही, असं सांगून मला मोकळं होता येत नाही. तुला हे गावातल्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं असं वाटलं. मी यावर पुष्कळ विचार केलाय. कपाशीवर आपणही इतकी वर्षं फवारलं, तेही जीवच होते, असं मनात येतं. पण ते तुला पटवायला म्हणून लिहीत नाही. तुझ्या घरात तुझ्या मनाविरुद्ध ते शेड उभं राहणार नाही. तू नको म्हणालीस तर त्याच एकरात भाजीपाल्याची रोपवाटिका करीन. पैसा कमी येईल, पण चालेल.

रोपांची मागणी मृगाच्या आधी नोंदवायची आहे. एकादशी झाली की दोघं बसून बोला, मग मला फोन कर. बाबांनी नाही, तूच कर.

तुमचा,
थोरला