शार्क आयलंडबद्दल

बाबा, सा. न.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात इथल्या नरसंहाराचं, शंभर वर्षांपूर्वीचं आता उकरून काय मिळणार, आणि तेवढ्यात लाइन कट झाली, म्हणून लिहितोय.

मागच्या महिन्यात आम्ही ऑफिसची मंडळी इथल्या, नामिबियाच्या राजधानीतून, विंडहुकहून, समुद्रकाठच्या ल्युडेरिट्झला गेलेलो. गावाला लागूनच शार्क आयलंड, आता रस्त्याने जोडलंय. नुसता खडक, आणि वारा असा की जॅकेट घालूनही दात वाजतात. तेव्हा हा देश जर्मनीची वसाहत होता, आणि 1905 ते 1907 इथे जर्मनांची छळछावणी होती. 1904 मध्ये हेरेरो हे इथले स्थानिक लोक जर्मनांविरुद्ध उठले तर जनरल फॉन ट्रोथाने लेखी हुकूम काढला की दिसेल त्या हेरेरोला गोळी घाला, त्याआधीच त्यांना ओमाहेकेच्या वाळवंटात हाकलून पाणवठे अडवलेले. मग नामा हे इथले दुसरे स्थानिक लोकही लढले. उरले ते असल्या छावण्यांत. अंदाज असा की हेरेरोंतले 80 टक्के आणि नामांतले निम्मे संपले. बाबा, कैदी बायकांना आपल्याच मेलेल्या माणसांची डोकी उकळून काचेच्या तुकड्यांनी खरवडायला लावायचे, कवट्या जर्मनीला पाठवायच्या म्हणून! हे वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये.

आणि आज तिथे कॅम्पिंग साइट आहे. तंबू, गाड्या, शेगडीवर मांस भाजणं चाललेलं. नामांचे पुढारी कॉर्नेलियस फ्रेडरिक्स 1907 मध्ये इथेच गेले, त्यांच्या नावाचा दगड आहे, आणि त्याच बेटावर ल्युडेरिट्झ या व्यापाऱ्याचंही स्मारक, ज्याने जमीन घेताना मैलाच्या मापात नामांना फसवलेलं. मला ते बघवलं नाही.

आता बंदर वाढवायचं चाललंय, ग्रीन हायड्रोजन (ऊन-वाऱ्याच्या विजेवर बनवलेलं इंधन) बाहेर पाठवायला. तिथलं बंदराचं काम तेव्हा याच कैद्यांकडून करून घेतलेलं, गार पाण्यात उभं करून. लंडनच्या फोरेन्सिक आर्किटेक्चर या संशोधन गटाने बेटावर कबरी असाव्यात अशा जागा दाखवल्यात, आणि वंशज म्हणतात प्रेतं समुद्रातही टाकलेली, तळ नीट तपासल्याशिवाय हात लावू नका. यात चूक काय आहे? गरीब देश आहे, नोकऱ्या हव्यात हे मलाही कळतं, पण काँक्रीट ओतल्यावर काय शोधणार?

जर्मनीने 2021 मध्ये नरसंहार म्हटलं, 30 वर्षांत 1.1 अब्ज युरो देऊ म्हणाले, पण भरपाई हा शब्द टाळला आणि बरेच हेरेरो-नामा म्हणतात आम्हाला विचारलंच नाही. म्हणजे त्यांच्यासाठी हे जुनं झालेलंच नाही बाबा. 2025 पासून 28 मे ला इथे स्मरण दिनाची सुट्टी असते, पुढच्या वेळी मी कार्यक्रमाला जाणारे.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा.

तुमचा,
सुहास