नोटिशीला उत्तर : बी विंगखालची मारुती ८००

प्रति,
मा. अध्यक्ष व सचिव,
कार्यकारिणी समिती, पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)

विषय : जुनी मारुती पार्किंगमधून हलवण्यासाठी १ महिन्याची मुदत आणि एका रविवारी सकाळी अर्ध्या तासाची मदत मिळण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

माझ्या गाडीच्या काचेवर लावलेली नोटीस वाचली. ‘बेवारस व भंगार वाहन आठ दिवसांत हलवावे, अन्यथा टोचन करून बाहेर काढण्यात येईल.’ भंगार या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा बाबांनी ती तिथे उभी केली आणि ती तिथेच राहिली. बाबा गेले, कव्हर फाटले, मुलांनी बॉनेटवरच्या धुळीत क्रिकेटचे स्कोअर लिहिले. पण बेवारस म्हणू नका. त्या जागेचे पार्किंगचे पैसे मेंटेनन्सबरोबर दर तिमाहीला भरतो आहे. आणि पुढची नोटीस कृपया चिकटपट्टीने लावा. डिंकाने चिकटवलेला कागद काढायला आईला दोन दिवस काच भिजवावी लागली.

पुढच्या महिन्यात इमारतीचे बाहेरून रंगकाम सुरू होणार आहे आणि परांचीचे बांबू नेमके त्याच जागी येणार, हे मला माहीत आहे. त्याआधी गाडी तिथून निघाली पाहिजे, हे मान्य. माझे म्हणणे फक्त ती कशी निघावी याबद्दल आहे.

आधी माझी चूक. दोन रविवारांपूर्वी जिन्यात पेट्रोलचा वास आला, तो माझ्यामुळे. भाच्याच्या गाडीवरून जंपर लावून आम्ही थेट सेल्फ मारला. इंजिन दोन-तीनदा कुंथले आणि खाली पेट्रोल टपकू लागले. रबरी पाइप वाळून चिरले होते, ते आधी पाहायला हवे होते. वॉचमनकाकांनी वाळूची बादली आणून ओतली, त्यांचे आभार. पहिल्या मजल्यावरच्या मंडळींची मी घरी जाऊन माफी मागितली आहे.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला आणि त्याने माझी हजेरी घेतली. “साहेब, सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठल्या उठल्या मॅरेथॉन पळायला लावता का?” तेव्हापासून काम त्याच्या पद्धतीने चालले आहे. टाकीतले जुने पेट्रोल त्याने उघड्यावर कॅनमध्ये काढून नेले, गटारात थेंबही गेला नाही. रंग कोऱ्या चहासारखा झाला होता. असे शिळे पेट्रोल घट्ट होऊन राळेसारखे चिकटते आणि कार्बोरेटरचे (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचे) जेट, म्हणजे बारीक छिद्रे, बुजवते. ही १९९८ ची गाडी, म्हणजे कार्बोरेटरवालीच. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, ते जुन्या रबराला आणखी बाधते. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप आणि वॉशर नवे घालायचे ठरले आहे.

इंजिनाचे तिन्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडले आणि दोन दिवस तसेच ठेवले. मग पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवले. फिरले! अडकले असते तर हे पत्र मी लिहिलेच नसते, तुमच्या नोटिशीपुढे मान तुकवली असती. टायमिंग बेल्ट मात्र बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही, असे मेकॅनिकने बजावले आहे. रबराचा पट्टा पळून झिजतो तसा नुसता राहूनही म्हातारा होतो. टायरचेही तेच. वरची नक्षी शाबूत आहे, पण बाजूंना भेगा, आणि कडेला कोरलेले चार आकडे ३२१५, म्हणजे २०१५ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला माल. चारही जातील.

पार्किंगमध्ये उंदीर वाढल्याची तक्रार गेल्या सभेत झाली होती. त्यातले एक बिऱ्हाड आमच्या एअर फिल्टरमध्ये होते. घरट्यात कापूस, वायरींचे तुकडे आणि आपल्या सोसायटीच्या एका वार्षिक अहवालाचे कागद सापडले. ताळेबंदाचे पान बरेचसे शाबूत होते, हवे असल्यास कार्यालयात आणून देतो.

आता मुख्य मुद्दा, टोचन. बाबांची शिस्त अशी की गाडी सपाट जागी लावली तरी हँडब्रेक ओढायचाच. सहा वर्षे ओढलेला हँडब्रेक आणि ठाण्याचे पावसाळे, यांनी मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक शू ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला, गंजून चिकटले आहेत. मारुती पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे टोचनवाला पुढची बाजू उचलणार आणि मागची चाके जमिनीवर राहणार. ती फिरणार नाहीत, फरफटत जातील. गेल्या वर्षी घातलेल्या पेव्हर ब्लॉकवर गेटपर्यंत दोन काळे पट्टे उमटतील, ब्लॉक उखडतील आणि मागचे सगळे ब्रेक मोडतील. त्याचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा, यावर आपण पुढच्या तीन सभा भांडू. त्यापेक्षा मला ड्रम सोडवू द्या. मेकॅनिकला दोन तास पुरतील. आवाज होईल, कारण हातोडीने ठोकावेच लागते. म्हणून सकाळी दहानंतर करू.

काही सभासदांनी सुचवले की गाडी कुर्ल्याच्या भंगारवाल्याला देऊन मोकळे व्हा. तसे होता येत नाही. नोंदणी रद्द न करता गाडी तोडायला दिली, तर आरटीओच्या दप्तरी ती जिवंतच राहते. रीतसर मोडीत काढायची तर अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी लागते आणि नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. गाडी अजून बाबांच्या नावावर आहे. त्यामुळे ती पुढे चालवायची तर वारसाच्या नावावर करण्याचा फॉर्म ३१ भरावा लागणारच. तो भरला आहे.

१५ वर्षांनंतर गाडी बेकायदा होते, असेही सभेत ठामपणे सांगितले गेले. पेट्रोल गाड्यांना १५ आणि डिझेल गाड्यांना १० वर्षांची ती बंदी दिल्ली परिसरातली. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणी करून पुढे ५-५ वर्षांसाठी वाढवून मिळते, त्यासाठी हरित कर भरावा लागतो. आमची २०१३ आणि २०१८ मध्ये वाढवली होती, २०२३ ची राहून गेली. ती दिरंगाई माझी. २० वर्षांवरच्या गाडीचे नूतनीकरण शुल्क आता १०,००० रुपये झाले आहे. शिवाय विमा, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी नंबरप्लेट. हिशेब केला तर गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त होतो. बायकोने तो हिशेब करून फ्रिजवर लावलाही आहे. पण याच गाडीतून बाबा मला माळशेज घाटात घेऊन गेले आणि याच गाडीवर मी क्लच सोडायला शिकलो. एवढ्या खर्चाचे दुसरे कारण माझ्यापाशी नाही.

नोंदणी संपलेली असल्याने ती चालवत बाहेर नेणार नाही. चारही चाके वर राहतील अशा सपाट ट्रकवर चढवून वर्तकनगरच्या गॅरेजमध्ये पाठवायची आहे. त्यासाठी येत्या महिन्याभरातल्या एका रविवारी सकाळी साडेसातला तिच्यापुढे उभ्या असणाऱ्या दोन गाड्या अर्धा तास हलवाव्या लागतील. त्यातल्या एका मालकाशी माझे गळतीच्या पाण्यावरून बोलणे बंद आहे, म्हणून ही विनंती समितीमार्फत करतो. ट्रकला गेटमधून आत येण्याची परवानगीही लागेल.

रंगकाम सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत गाडी गेली नाही, तर ती मीच स्क्रॅपिंग केंद्राला देईन. हे पत्र त्याबद्दलची लेखी कबुली समजावे.

कळावे,
आपला विश्वासू,
बी विंग, तिसऱ्या मजल्यावरील सभासद

ता. क. : गाडीची दुसरी किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे, अचानक हलवायची वेळ आली तर असावी म्हणून. चाके सोडवून झाली की पुढच्या चाकांना दोन विटा लावून ठेवीन. विटा काढल्या तर चालतील, हँडब्रेक मात्र कोणीही ओढू नये.