कसब्याच्या सीमा आणि एका मताचे वजन

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

२०२७ च्या जनगणनेच्या बातम्या येऊ लागल्यापासून मतदारसंघांच्या पुनर्रचनेची चर्चा दिल्लीत आणि दक्षिणेकडील राज्यांत जोरात आहे. मात्र ती बहुतेक लोकसभेच्या जागांभोवतीच फिरते. विधानसभेच्या मतदारसंघांच्या सीमाही या जनगणनेनंतर नव्याने आखल्या जाणे अपेक्षित आहे आणि पुण्याच्या नागरिकाशी त्याचा संबंध कितीतरी अधिक जवळचा आहे, याकडे आपल्या शहरात अद्याप फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. मी कसबा पेठ मतदारसंघाचा जुना मतदार आहे. या मतदारसंघाचा इतिहास आणि त्याचे आजचे प्रतिनिधित्व यांविषयी काही गोष्टी वेळ हातात असतानाच मांडाव्यात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पेठांच्या नावाचे मतदारसंघ ही पुण्याची जुनी ओळख आहे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या ऐन भरात एस. एम. जोशी विधानसभेवर गेले ते शुक्रवार पेठ मतदारसंघातून. पुढे १९६७ आणि १९७२ साली त्याच शुक्रवार पेठेने रामभाऊ म्हाळगी यांना निवडून दिले. आपण वर्षभरात सभागृहात काय केले, याचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता आणि जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात त्याचा आदराने उल्लेख होत असे. त्यानंतरच्या पुनर्रचनेत शुक्रवार पेठ हे नाव विधानसभेच्या यादीतून गेले. भवानी पेठ मात्र टिकली होती. ती २००८ च्या पुनर्रचनेत गेली आणि तिच्यातील वस्त्या शेजारच्या मतदारसंघांत वाटल्या गेल्या. बोपोडीही त्याच वेळी संपली. पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग ज्यात मोडत असे तो अवाढव्य हवेली मतदारसंघही गेला आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी असे तीन मतदारसंघ उभे राहिले. आज पेठेचे नाव घेऊन उभा असलेला पुण्यातला एकच मतदारसंघ उरला आहे, तो म्हणजे कसबा.

कसब्याला एका पक्षाचा बालेकिल्ला म्हणण्याची पद्धत आहे. १९७८ आणि १९८० मध्ये अरविंद लेले, १९९० मध्ये अण्णा जोशी आणि १९९५ पासून सलग पाच वेळा गिरीश बापट ही नावे पाहिली, तर तसे म्हणण्याला आधारही आहे. तरीही या मतदाराने स्वतःला कोणाच्या दावणीला बांधून घेतलेले नाही. १९९१ साली अण्णा जोशी लोकसभेवर गेल्यानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत बापटांचा पराभव करून काँग्रेसचे वसंत थोरात निवडून आले होते. डिसेंबर २०२२ मध्ये कसब्याच्या तत्कालीन आमदार मुक्ता टिळक यांचे निधन झाल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा पोटनिवडणूक झाली. त्या वेळी काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे ११ हजार मतांनी विजयी झाले, आणि पुढच्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांचा पराभव करून भाजपचे हेमंत रासने निवडून आले. दोन वर्षांच्या आत दोन वेगळे निकाल देणारा मतदार डोळसपणे मत देतो, असे मी मानतो आणि त्याचा मला अभिमान आहे.

त्या २०२३ च्या पोटनिवडणुकीतली दुसरी एक गोष्ट मात्र मला तेव्हापासून खटकते आहे. त्याच दिवशी चिंचवडमध्येही पोटनिवडणूक होती. कसब्यात मतदार होते सुमारे २ लाख ७५ हजार आणि चिंचवडमध्ये सुमारे ५ लाख ६८ हजार. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपर्यंत चिंचवडची यादी साडेसहा लाखांच्या पुढे गेली, कसबा तीन लाखांच्या आतच राहिला. दोन्हीकडून आमदार एकेकच. स्थानिक विकासासाठी आमदाराला मिळणारा वर्षाचा ५ कोटींचा निधी दोन्हीकडे सारखाच, विधानसभेत प्रश्न विचारण्याचा अधिकारही सारखाच. म्हणजे वाकडच्या किंवा रहाटणीच्या मतदाराच्या मताचे वजन माझ्या मताच्या निम्म्याहूनही कमी भरते. राज्यघटनेच्या १७० व्या अनुच्छेदात राज्यभरातील मतदारसंघांमध्ये लोकसंख्या आणि जागा यांचे प्रमाण शक्य तेथवर सारखे असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. या तफावतीचा लाभ आज माझ्या बाजूला झुकलेला आहे, म्हणून मी गप्प बसावे हे मला पटत नाही.

ही तफावत कोणी मुद्दाम निर्माण केलेली नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेशी बांधली गेली आणि पुढे ८४ व्या दुरुस्तीने ते बंधन २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवले. महाराष्ट्राच्या २८८ जागा १९७८ च्या निवडणुकीपासून तितक्याच आहेत. न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील पुनर्रचना आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे फक्त आतल्या सीमा हलवल्या. त्यात पुणे जिल्ह्याच्या जागा १८ वरून २१ झाल्या आणि २००९ ची निवडणूक त्या सीमांवर झाली. आपण आजही २००१ सालचे पुणे गृहीत धरून मत देत आहोत. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, म्हणजे एका जागेमागे सरासरी ३ लाख ९० हजार. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख २९ हजार होती. हा भागाकार कोणीही करून पाहावा, २८८ जागांतच जिल्ह्याचा वाटा २४ येतो. त्यानंतर हिंजवडी, वाघोली, धायरी, उंड्री या बाजूंना काय वाढ झाली आहे, हे सांगायला आकड्यांची गरज नाही.

उलट पेठांमधून माणसे बाहेर गेली आहेत. शनिवारवाड्याच्या परिसरात वाड्यांचा प्रश्न किती अवघड होऊन बसला आहे, हे येथे राहणाऱ्यालाच कळते. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, असा केंद्राचा कायदा २०१० च्या दुरुस्तीनंतर अधिक कडक झाला. वाडा पडायला आला तरी मालकाला तो पाडून नवा बांधता येत नाही आणि भाडेकरूला सोडून जाण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. मतदार यादीचे आमच्या भागाचे पान काढून पाहिले, तर एकाच घरक्रमांकासमोर आडनावांची लांबलचक रांग दिसते. त्यांतील कितीतरी कुटुंबे धायरीला, वारज्याला, सिंहगड रस्त्याला राहायला गेलेली आहेत. दिवाळीला भेटतात, गणपतीला मंडळात येतात, मतदानाच्या दिवशी रिक्षा करून शाळेत येतात आणि मत देऊन परत जातात. त्यांचा पेठेवरचा जीव खोटा नाही. पण ज्यांच्या नळाला पाणी येत नाही ते धायरीत आणि ज्याला ते जाब विचारू शकतात तो आमदार कसब्यात, अशी त्यांची विभागणी झाली आहे.

यावर मला जे म्हणायचे आहे ते माझ्याच शेजाऱ्यांना कदाचित आवडणार नाही. कसबा मतदारसंघ आहे तेवढाच राहू देऊ नये. लोकसंख्येच्या नियमाने तो मोठा करावा लागेल आणि तो मोठा करणे न्यायाचे आहे. त्यासाठी ‘पेठांची अस्मिता’ हे कारण पुढे करून आपण विरोध करू नये. आपली मागणी एवढीच असावी की, जी वाढ होईल ती पेठांना लागून असलेल्या आणि व्यवहाराने जोडलेल्या भागांत व्हावी आणि एकही पेठ मधून चिरली जाऊ नये. पूर्वीच्या पुनर्रचना कायद्यातही भौगोलिक सलगता, प्रशासकीय सीमा, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय हे निकष लिहिलेले होते. रस्त्याच्या डाव्या हाताचा आमदार वेगळा आणि उजव्या हाताचा वेगळा, अशी स्थिती झाली की सांडपाण्याच्या एका वाहिनीसाठीही दोन कार्यालयांत खेटे घालावे लागतात आणि दोन्हीकडून ‘ते तिकडे विचारा’ असेच उत्तर मिळते.

शहराच्या कडेला तर याहून विचित्र परिस्थिती आहे. सूस आणि म्हाळुंगे ही गावे २०२१ साली पुणे महापालिकेत आली, मिळकतकर महापालिकेला भरू लागली. विधानसभेसाठी मात्र ती भोर मतदारसंघात आहेत, ज्यात भोर आणि राजगड तालुक्यांतील डोंगराळ गावे येतात. दुर्गम वाडीचा रस्ता आणि पंधरा मजली इमारतीचा टँकर या दोन्ही गरजा खऱ्या आहेत; पण एकाच आमदाराने दोन्हींना पुरेसा वेळ द्यावा अशी अपेक्षा केली की दोन्हींवर अन्याय होतो. महापालिकेत २०१७ आणि २०२१ मध्ये आलेल्या गावांचा शहराच्या मतदारसंघांत समावेश व्हावा, ही मागणी त्या गावांनीच पुढे आणली पाहिजे.

राखीव मतदारसंघांविषयीही बोलणे आवश्यक आहे. २००९ पूर्वी पर्वती हा अनुसूचित जातींसाठी राखीव होता. पुनर्रचनेनंतर तो खुला झाला आणि पुणे कॅन्टोन्मेंट राखीव झाला. कोरेगाव पार्कचे बंगले, ताडीवाला रस्ता, लोहियानगर आणि काशेवाडी हे सारे त्या एका मतदारसंघात आहेत. मला या बदलाविरुद्ध काही म्हणायचे नाही. मात्र आरक्षण पुढील पुनर्रचनेपर्यंत त्याच जागी राहते, म्हणजे जवळपास एक पिढीभर. तेव्हा जनता वसाहतीतल्या किंवा लोहियानगरातल्या माणसाला हा निर्णय कोणत्या आकड्यांवर झाला हे कळायला हवे. आता त्यात महिलांच्या आरक्षणाची भर पडणार आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेच्या एकतृतीयांश जागा महिलांसाठी ठेवण्याचे ठरवले आणि त्याची अंमलबजावणी पुनर्रचनेशी जोडली. कोणत्या जागा राखीव होतील याचे निकष आधी जाहीर झाले, तर नंतरचे संशय टळतील.

प्रतिनिधित्व म्हणजे काय असते, हे आम्हा कसबेकरांना ते नसताना कळले. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार गेल्या. मार्चच्या सुरुवातीला नवे आमदार निवडून आले, तोच त्या महिन्याच्या अखेरीस खासदार गिरीश बापट यांचे निधन झाले. लोकसभेची जागा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामीच राहिली. पोटनिवडणूक घ्या असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. वर्षाहून अधिक काळ आम्ही मत देऊन निवडलेली एकच व्यक्ती कामावर होती. ड्रेनेज तुंबले तरी आमदार, आणि १०० मीटरच्या कायद्यात बदल हवा तरी आमदारच, ज्यांच्या हाती तो कायदा नाही. नगरसेवक नसल्याने आमच्या गल्लीतली फुटलेली चेंबरची झाकणेसुद्धा आमदारांच्या कार्यालयातल्या वहीत लिहिली जात होती. ज्या मतदारसंघात साडेसहा लाख मतदार आहेत, तिथे ती वही किती जाड झाली असेल याचा विचार करावा.

२००८ चा अनुभव असा की, आपला मतदारसंघ बदलल्याचे बहुतेक पुणेकरांना २००९ च्या निवडणुकीत उमेदवार दारात आल्यावर समजले. कायद्याने प्रस्ताव राजपत्रात येतात, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावणी होते. राज्यातील काही खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून आयोगाबरोबर बसतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. अंतिम आदेश विधानसभेपुढे ठेवला जातो, पण सभागृहाला त्यात काना-मात्रेचाही बदल करता येत नाही. तेव्हा जे सांगायचे ते हरकतींच्या मुदतीतच सांगावे लागते आणि त्यासाठी प्रस्ताव सामान्य माणसाला समजेल असा असावा लागतो. प्रभाग क्रमांकांची जंत्री वाचून आपली गल्ली कुठे गेली हे कोणाला सांगता येईल? मसुदा मराठीत, रस्त्यांची आणि वस्त्यांची नावे घालून, नकाशासह महापालिकेच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात लावावा आणि सुनावणी पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये आणि ग्रामीण भागात स्वतंत्रपणे घ्यावी, अशी मागणी शहरातील आमदारांनी पक्षभेद विसरून आताच राज्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे आणि केंद्राकडे नोंदवावी.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. १९७८ ते २००४ या काळातल्या आणि २००९ पासूनच्या पुण्याच्या विधानसभा मतदारसंघांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवून एखाद्या रविवारच्या पुरवणीत छापावेत. भवानी पेठ, बोपोडी आणि हवेली या मतदारसंघांचा कोणता भाग कुठे गेला हे त्यात प्रभागवार दाखवावे. नवा मसुदा येईल तेव्हा हरकत लिहिणाऱ्याच्या हाताशी ते पान असेल.

कळावे,

आपला नम्र,
एक मतदार, सोमवार पेठ, पुणे