अंधार पडायच्या आत पोचा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा रात्री परतताना मी तुमच्या शेजारी बसले होते. समोरून ट्रक आला तसे तुम्ही डोळे बारीक करून स्टिअरिंगवर वाकलात, आणि ट्रक गेल्यावरही तसेच राहिलात. मी मनात आकडे मोजत होते. चार, पाच, सहा. कडेने सायकल ढकलत चाललेला माणूस मला लांबूनच दिसला होता, तुम्हाला दिसला तो अगदी जवळ आल्यावर. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही नाही. पण त्या रात्रीपासून मला झोप नाही.

तुमच्या हाताबद्दल मला तिळमात्र शंका नाही. गाडी चालवायला मी तुमच्याकडूनच शिकले. प्रश्न डोळ्यांचा आहे. साठीनंतर अंधारात बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही, भिंग पिवळट पडतं. विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश आत पोचतो. डोळे दिपले की सावरायलाही जास्त वेळ लागतो. दिव्यांभोवती वलयं दिसतात, असं तुम्ही आईला म्हणालात ते मी ऐकलंय. मोतीबिंदूची ती सुरुवात असू शकते, आणि त्यावर इलाज आहे.

डिपरवर, म्हणजे हेडलाइट खाली झुकवलेला असताना, गडद कपड्यांतला माणूस दिसतो तो ४० मीटरच्या आसपास. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे ब्रेकवर पाय जाईपर्यंतच निम्मं अंतर संपलेलं असतं! निघावंच लागलं तर वेग कमी ठेवा. समोरच्या दिव्यात बघू नका, आपल्या बाजूच्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर नजर ठेवा. काच आतूनही पुसा, त्या दिवशी तिच्यावर तेलकट थर होता आणि प्रत्येक दिवा त्यात पसरत होता. धुक्यात अप्पर, म्हणजे लांबवर पडणारा हेडलाइट, लावू नका, उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. आणि ते पिवळे चष्मे नकोत, ते आहे तो प्रकाशही कमी करतात.

आई, तू शेजारी बसून 'जरा हळू' म्हणतेस. यापुढे 'आज इथेच राहू' म्हण. बाबा तुझं ऐकतात.

शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तपासताना बाहुली मोठी करतील, थोडा वेळ धूसर दिसेल, म्हणून येता-जाता गाडी मी चालवेन. तोवर कुठेही गेलात तरी दिवेलागणीच्या आधी घरी या, आणि पोचलात की फोन करा.

तुमची,
लेक