शिखराच्या पन्नास मीटर खाली

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या न चढलेल्या शिखराच्या मोहिमेला परवानगी मिळाल्याचं कळलं. आईने आधी शिखराची उंची विचारली, मग सर्वांत जवळचं हॉस्पिटल. मला फक्त उंची सांगता आली.

'जेमतेम सहा हजार मीटर, एव्हरेस्टपुढे काय ते!' असं चार जण म्हणतील. म्हणू देत. एव्हरेस्टच्या नेहमीच्या वाटांवर दर हंगामात शेर्पा दोर बांधून देतात, कॅम्पच्या जागाही ठरलेल्या. तुमच्याकडे उपग्रहाची चित्रं आणि शेजारच्या खिंडीतून कुणीतरी काढलेला एखादा फोटो. एक मात्र मनातून काढ, की कुणी चढलं नाही म्हणजे ते महाकठीणच असणार. भूतानचं गांगखर पुएन्सुम (७५७० मीटर) हे जगातलं सर्वांत उंच न चढलेलं शिखर. १९८०च्या दशकात तिथे प्रयत्न झाले, फसले. पुढे १९९४मध्ये भूतानने ६००० मीटरवरची शिखरं बंद केली आणि २००३पासून गिर्यारोहणच बंद केलं. पूर्व काराकोरममधलं ७५१८ मीटरचं सासेर कांग्री-२ हे शिखर २०११पर्यंत कोरं राहिलं, त्यात लांबच्या, सीमेलगतच्या भागाचा वाटा मोठाच. तुमचंही कदाचित नुसतंच आडवाटेला असेल.

मला काळजी आहे ती उतरायची. चढताना डोळ्यांसमोर असलेली घळ उतरताना पायाखाली दडते, आणि तिच्या तळाशी काय आहे हे सांगणारा कुणीच नाही. आईस स्क्रूने, म्हणजे बर्फात फिरवून बसवायच्या पोकळ स्क्रूने, बर्फात तिरकी दोन भोकं पाडायची, आत एकमेकांना भेटतील अशी. आकड्याने त्यातून दोरी ओढून घ्यायची, गाठ मारायची आणि त्या अँकरवर रॅपल करायचं, म्हणजे दोरावरून खाली उतरायचं. हे तुला झोपेतही येतं. पण अंधार पडताना, बधिर बोटांनी, लागोपाठ करावं लागतं तेव्हा भोकं चुकतात. दोराच्या दोन्ही टोकांना गाठी मारल्याशिवाय सुटू नकोस, कितीही घाई असली तरी. आणि परत फिरायची वेळ बेस कॅम्पवरच ठरवा. वर गेल्यावर प्रत्येकाला 'अजून अर्धाच तास' वाटतो.

१९५७मध्ये नॉइस आणि कॉक्स हे ब्रिटिश गिर्यारोहक नेपाळमधल्या मच्छपुच्छ्रेच्या माथ्यापासून सुमारे ५० मीटरवरून फिरले आणि तसंच सांगितलं. पुढे नेपाळने ते शिखर बंद केलं. अधिकृत नोंदीत ते आजही न चढलेलंच आहे. त्याआधी १९५५मध्ये बँड आणि ब्राउन ही दुसरी ब्रिटिश जोडी कांचनजंगाच्या माथ्याला पाय न लावता काही पावलं अलीकडे थांबली, सिक्कीमच्या लोकांची श्रद्धा राखायला. ते मात्र पहिलं आरोहण ठरलं. पन्नास मीटर आणि काही पावलं यांतला फरक जगाला कळला, कारण दोन्ही जोड्यांनी खरं सांगितलं. तुमच्या धारेवर साक्षीला कुणी नसेल. माथा धुक्यात असेल, जीपीएसचा आकडाही थोडा इकडेतिकडे होईल. कुठवर पोचलात ते स्पष्ट लिहा. पुढची टीम त्याच अहवालावर विसंबून दोर किती न्यायचा ते ठरवेल.

सॅटेलाइट फोन आपल्या देशात परवानगीशिवाय बाळगता येत नाही, त्यामुळे त्याची आशा मी सोडली आहे. निरोप नाही म्हणजे खुशाल, असं आईला समजावलं. तिला मुळीच पटलेलं नाही. रस्त्याला लागलीस, रेंज आली, की पहिला फोन तिला कर. मला नंतर केलास तरी चालेल.

तुझा,
बाबा